डावा बंपर, चार बोटं

बाणावलीत कायतान रेबेलोच्या अंगणात
गाडी धुऊन उभी होती, माड टाळून, पत्र्याखाली.
काळी पाटी, पिवळे आकडे:
म्हणजे भाड्याची, हे सगळ्या गोव्याला लांबूनच कळतं.

त्यानं चावी ह्यांच्या हातात ठेवली.
ह्यांनी ती माझ्या हातात दिली.
कायतान हवेतल्या त्या प्रवासाकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "बाय चलयतली?"

मी लायसन काढलं.
बावीस वर्षांत एकदा नवं करून आणलेलं,
आणि खरं सांगायचं तर
ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून वापरलेलं.
लातुरात, भाजी ते दवाखाना, दवाखाना ते घर.
तिसऱ्या गिअरच्या वर कधी काम पडलं नव्हतं.

मग मोबाइल धरून तो गाडीभोवती फिरला,
देवळाला फिरावं तसा, पण उलटा, उजवीकडून डावीकडे.
"हें पोरनें," प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवत.
हा पोरांनी केला, रात्री.
हा म्हशीनं.
हा माझाच, मयताला जायची घाई होती.
डावीकडे पुढे येऊन थांबला. "हांगा कांय ना."
इथं काही नाही, ते त्यानं दोनदा चित्रित केलं.

मडगावपर्यंत हे बोलले नाहीत.
डावा पाय, नाही, उजवा,
पायपुसण्यावर दाबून बसले होते;
समोर बस आली की त्यांच्या बाजूला
एक नसलेला ब्रेक लागायचा.
केप्याच्या पुढे रस्ता रिकामा झाला
आणि मी चौथा टाकला.
त्यांनी काच खाली केली.
एवढंच.
सदतीस वर्षांच्या संसारात
त्यांनी काच खाली केलेली मला माहीत आहे,
पण ती वाऱ्यासाठी नसायची, कोणाला तरी ओरडायला असायची.

नेत्रावळीला तळ्याच्या पायरीवर बसलो.
तळातून बुडबुडे येत होते, एकेकटे,
कोणीतरी खाली बसून
विचार करून सोडतंय असे.
हे म्हणाले, "टाळी वाजव, म्हणे जास्त येतात."
मी नाही वाजवली. येताहेत तेवढे पुरे होते.
मग त्यांनीच वाजवली, हळूच,
कोणी बघत नाहीसं पाहून.

परतताना रिवणच्या वळणावर
समोरून चिऱ्यांचा ट्रक,
बाजूला चिऱ्यांचाच गडगा.
आवाज फार मोठा नव्हता,
नवीन कापड फाडताना होतो तेवढा.
उतरून बघितलं:
डावा बंपर, चार बोटं.
ज्या जागी सकाळी काही नव्हतं, नेमकं तिथं.
हे वाकले, रुमालाला थुंकी लावून पुसू लागले.
"जात नाही गं."
मला कशाला सांगताय, मला दिसतंय.

बाणावलीत अंधार पडला होता,
कायतान दारात बसून मिसची घंटा ऐकत होता की डास मारत होता,
दोन्ही असेल.
मोबाइलचा दिवा लावून पुन्हा तीच प्रदक्षिणा.
पोरनें. पोरनें. पोरनें.
मग थांबला.

हे पुढे झाले. "मी चालवत होतो," म्हणाले.
ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं,
अंधारात, सरळ त्याच्याकडे बघत.

किती चांगला माणूस आहे हा, मला वाटलं,
आणि त्याच क्षणी इतका राग आला
की चावी तळहातात रुतली.

"मी होते," मी म्हटलं. "माझा आहे तो."

कायताननं वही उघडली. तारीख. पाटीचा नंबर.
"नांव?"
हेमलता बिराजदार, मी सांगितलं,
आणि त्याला पेन्सिल अडली म्हणून
अक्षरं सुटी करून पुन्हा सांगितलं.
आठशे म्हणाला. सहाशेवर आला.
मी घासाघीस केली नाही खरं तर,
त्याचं त्यालाच वाटलं.

पेट्रोल एक काडी दिलं होतं, दोन ठेवल्या.
रस्त्याला लागलो तसं हे म्हणाले,
"उद्या परत विचारायची का गाडी?"
मी म्हटलं, बघू.
मागे वळून बघितलं तर तो अजून
बंपरपाशी उकिडवा बसून होता,
आणि बोटं लावून मोजत होता.